काकूंचे ‘आपले’

ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी कुवेतच्या महबूला भागातल्या आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत घरातले सगळे पडदे एकदम वाळत घातलेले दिसले, की शेजारची मराठी मंडळी लिफ्टमध्ये आवाज खाली आणून म्हणायची, "हरलेले दिसतात." कोण हरलं, कशात हरलं, हे बहुतेकांना नीटसं माहीत नसायचं. पण पडदे धुतले म्हणजे काकूंचा संघ स्पर्धेबाहेर गेला आणि चार-आठ दिवस त्यांच्याकडे विरजण मागायलासुद्धा जायचं नाही, एवढं पक्कं ठाऊक होतं.

काकूंना कुणी विचारलंच तर त्या म्हणायच्या, "धूळ किती बसते इथे! धुवायला नकोत?" आणि धूळ बसायची हे खरंच होतं. पण ती वर्षभर बसायची.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. तिथल्या शर्क भागातल्या एका बँकेत नोकरी लागून मी जालन्याहून कुवेतला आले, तेव्हा ओळखीच्या ओळखीतून त्यांच्या घरची मागची खोली मला मिळाली. त्या आणि काका, दोघंही नाशिकचे. काका रिफायनरीत इंजिनियर. पहाटे उठून शिफ्टला जाणार, दुपारी येणार, जेवून पेपर तोंडावर घेऊन झोपणार. बोलणं कमीच. त्यांच्या वाटचं सगळं काकू बोलायच्या.

पहिल्याच आठवड्यात एका पहाटे मला बाहेरच्या खोलीतून ओरडणं ऐकू आलं. "अरे पळ! पळ रे! घरी ये, घरी ये, मागे बघू नकोस!" मला वाटलं, कुणाच्या तरी जिवावर बेतलंय. धावत बाहेर आले. काकू न्हाऊन, केसांना पंचा गुंडाळून सोफ्याच्या अगदी टोकावर बसल्या होत्या. देवापुढे दिवा लावलेला. टीव्हीचा आवाज बंद, आणि पडद्यावर एक मनुष्य मातीतून घसरत चालला होता.

"घाबरू नकोस," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तिसऱ्या पाटावरून निघालाय."

ते बेसबॉल होतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळचे सामने सुरू होतात तेव्हा कुवेतमध्ये पहाटेचे पाच वाजलेले असतात. काकूंना ते फार सोयीचं वाटायचं. काका तेव्हा शिफ्टला गेलेले, मी झोपलेली, फोन वाजत नाही, बेल वाजत नाही. "देवाने वेळ बघून दिलीय," असं त्या म्हणायच्या.

बेसबॉलचे इंग्रजी शब्द त्यांनी कधी वापरले नाहीत. त्यांच्या बेसबॉलमध्ये चार पाट असत. चेंडू मारायचा आणि पहिल्या पाटाकडे पळायचं, मग दुसऱ्या, तिसऱ्या, आणि चौथा पाट म्हणजे घर. घरी पोचलं की एक धाव. चेंडू टाकणारा तो फेक्या. तीन माणसं बाद झाली की डाव संपला, असे नऊ डाव. मला त्यांनी हे पोळ्या लाटता लाटता शिकवलं आणि वर म्हणाल्या, "सोपं आहे. बाहेर पडलेल्या माणसाला घरी यायचं असतं, बाकीच्यांना ते होऊ द्यायचं नसतं."

हे वेड आलं कुठून, तर मुलामुळे. त्यांचा एकुलता एक मुलगा कुवेतमध्ये वाढला, इथेच शाळा शिकला आणि कॉलेजसाठी अमेरिकेला गेला. दर शुक्रवारी फोन यायचा. काकू मराठीत विचारायच्या, जेवलास का, थंडी आहे का. तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, येस, नो, आणि मग दोन्ही बाजूंना शांतता. काकूंना वाटलं, त्याच्या शहरातलं काहीतरी आपल्याला ठाऊक असावं, म्हणजे बोलायला विषय होईल. त्यांनी शोधलं तर त्या शहराचा एक बेसबॉलचा संघ निघाला. बघायला लागल्या. दोन-तीन शुक्रवार त्यांनी मुलाला उत्साहाने सामने सांगितले. तो म्हणाला, "मॉम, नोबडी वॉचेस बेसबॉल." पुढे शिक्षण संपवून तो दुसऱ्या टोकाला, पूर्वेच्या शहरात नोकरीला गेला. तिथेही एक संघ होता म्हणे, आणि पुष्कळ जिंकणारा.

"मग तुम्ही तो का नाही धरलात?" मी विचारलं.

"शहर त्याने बदललं," काकू म्हणाल्या. "मी कशाला माणसं बदलू?"

त्या संघाचं नाव मी इथे देत नाही, कारण काकूंनीही ते कधी घेतलं नाही. नाव घेतलं की दृष्ट लागते असं त्यांचं मत होतं. त्यांचा संघ तो ‘आपले’. शेजारच्या शहरातला, कायमचा वैरी संघ तो ‘ते’. उरलेली सगळी अमेरिका ‘बाकीचे’. खेळाडूंनाही त्यांनी आपल्या मनाने नावं ठेवली होती. एक दाढीवाला फेक्या होता, तो गोसावी. एक उंच, मान वाकवून उभा राहायचा, तो खजूर. आणि सगळ्यांत लाडका, दुसऱ्या पाटाशेजारी उभा राहणारा, तो नाना. थोडं पोट सुटलेला, वयाने चाळिशीकडे झुकलेला. प्रत्येक चेंडूआधी पँट वर ओढायचा. काकूंचे एक मामा म्हणे अगदी तस्से धोतर सावरायचे.

मुख्य संघाबरोबर त्या खालच्या संघांतल्या पोरांवरही नजर ठेवून असत. अमेरिकेत तशी पद्धत आहे, होतकरू मुलांना गावोगावच्या लहान संघांत खेळवतात आणि तयार झाली की वर आणतात. त्यातल्या एकाला, नुकतीच मिसरूड फुटलेल्या एका काटकुळ्या खेळाडूला, त्या बारक्या म्हणायच्या. "हात सोन्याचे आहेत," त्या सांगायच्या, "पण अजून मुरायचाय. आत्ता वर आणतील तर नासेल."

हीच नजर त्या बाकी ठिकाणीही लावायच्या. आई मला तेव्हा स्थळांचे फोटो पाठवायची. मी ते काकूंना दाखवत असे. पुण्याच्या एका मुलाचा फोटो त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि फोन परत दिला. "वजन मागच्या पायावर आहे. हा वेळेवर ठरवणार नाही." त्या मुलाने तीन महिने झुलवून नकार कळवला. एका नागपूरच्या मुलाविषयी म्हणाल्या, "चांगला आहे, पण नुसताच चांगला दिसतोय. आकडे घरच्या मैदानावरचे आहेत." म्हणजे काय, तर त्याचं सगळं कौतुक त्याच्या आत्याने सांगितलेलं होतं. ज्याच्याशी मी पुढे लग्न केलं त्याचा फोटो पाहून एवढंच म्हणाल्या, "घे. पण फार उड्या मारू नकोस. पहिलं वर्ष सगळ्यांचंच बरं जातं."

मी राहायला गेल्याच्या दुसऱ्या वर्षी ‘आपले’ बाद फेरीपर्यंत पोचले. नवरात्र चालू होतं. काकू घटावर पाणी शिंपडून टीव्ही लावायच्या. शेवटचा, जिंकू किंवा घरी जाऊ असा सामना ‘त्यां’च्याशीच होता. तो जरा लवकर सुरू झाला आणि संपायला आला तेव्हा गॅलरीतून, समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून दिसणारी समुद्राची पट्टी उजळायला लागली होती. मीही ऑफिसचे कपडे घालून बसले होते.

नववा डाव. ‘आपले’ एका धावेने पुढे. ‘त्यां’चे दोघं बाद झालेले, दोघं पाटांवर उभे. एक बाद हवा होता. गोसाव्याने चेंडू टाकला, समोरच्याने तो कसाबसा खाली मारला, आणि चेंडू रांगत रांगत नानाकडे निघाला. इतका सावकाश, की काकू उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या होत्या.

तो नानाच्या दोन पायांमधून मागे गेला. दोघंही घरी पोचले. संपलं.

टीव्हीवाले पुन्हा पुन्हा नानाचा चेहरा दाखवत होते. तो तिथेच, मातीत, गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा होता. "अरे, हटवा रे कॅमेरा त्याच्यावरून," काकू म्हणाल्या. "माणूस आहे तो." आणि त्यांनीच टीव्ही बंद केला.

मी निघाले तेव्हा त्या स्टुलावर चढून पडद्याच्या कड्या सोडवत होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काकू, दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तरी..."

"दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर मी शिव्या दिल्या असत्या," त्या म्हणाल्या. "आता कुणाला देऊ?"

हिवाळ्यात बेसबॉल नसतं, पण काकूंना तोच खरा मोसम वाटायचा. कुणाला ठेवलं, कुणाला सोडलं, कुणाच्या बदल्यात कोण आलं, हे सगळं तेव्हा ठरतं. घरात लग्नाची बोलणी चालू असल्यासारख्या त्या सारख्या फोन बघत. गोसाव्याला आणखी तीन वर्षं ठेवला, त्या दिवशी शिरा केला. आणि डिसेंबरात एका संध्याकाळी मी बँकेतून आले, तर त्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. गॅसवर कुकर तसाच, शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या.

"नानाला काढला," त्या म्हणाल्या. "त्याच्या जागी बारक्या."

"पण बारक्या आता मुरलाय, त्याला वर आणावं असं तुम्हीच..."

"वर आणा म्हणत होते! याला काढा कधी म्हटलं मी?"

ते दुःख लवकर निवलं नाही. भाजी निवडताना, कपडे घडी करताना, त्या एकट्याच त्या संघाच्या मालकांशी भांडायच्या. पंधरा वर्षं खेळला तुमच्यासाठी. गुडघे झिजवले. एक चेंडू सुटला तर लगेच जुना झाला? काका समोर बसून ऐकायचे. काही बोलायचे नाहीत, उठूनही जायचे नाहीत.

एके सकाळी काकांना दुसऱ्या पाळीला जायचं होतं. त्यांनी मला बसस्टॉपपर्यंत गाडीतून सोडलं. गाडी थांबवून, समोर बघत ते म्हणाले, "मलाही कळवलंय त्यांनी. एप्रिलपर्यंत."

मला क्षणभर समजलंच नाही. मग म्हटलं, "काकूंना?"

"अजून नाही सांगितलं. तिचा नाना नुकताच गेलाय. जरा सावरू दे."

मी हसावं की काय करावं, मला कळेना. तिशीत आलेला माणूस साठीला पोचला होता. त्याची सगळी नोकरी, मुलाचं शिक्षण, घरातला प्रत्येक चमचा कुवेतमधला होता. नोकरी संपली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपणार, आणि इकामा संपला की देश सोडायचा. आणि हे सगळं मनात ठेवून ते रोज संध्याकाळी नानाची कहाणी ऐकत होते.

शेवटी एका शुक्रवारी जेवताना निघालं. काकू वाढता वाढता पुन्हा तिथेच आल्या होत्या. "माणूस म्हणजे काय जुनी चप्पल आहे का, तुटली की टाकायला?"

"अगं," काका म्हणाले, "मलाही काढलंय."

काकूंच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली. "कधी?"

"एप्रिलपर्यंत आहे."

"तसं नाही. कळलं कधी?"

काकांनी भात कालवला. "नानाच्या आधी दोन दिवस."

"आणि मी इतके दिवस तुमच्यासमोर त्याच्यासाठी रडत होते?"

"रडत नव्हतीस, भांडत होतीस." काका अजूनही ताटाकडेच बघत होते. "मला ते ऐकायला बरं वाटत होतं."

काकूंनी काकांच्या ताटात आमटी वाढली, मग पुन्हा वाढली, आणि काकांनी नको म्हटलं नाही.

त्या रात्रीच्या फोनवर मुलगा म्हणाला, "कम हियर. बोथ ऑफ यू." मनापासून म्हणाला. काकूंना तिकडे सामने रात्री, माणसांसारख्या वेळेला बघता आले असते, हे मी त्यांना सुचवलं. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "पोराकडे पाहुणा म्हणून जाईन. राहायला नाशिकच बरं." काकूंनी लगेच मुलाला सांगितलं, "आम्ही महिनाभर येऊ, तू तिकिटं बघ." एवढ्यावर तो विषय मिटला. काकूंचं एक होतं. संघाच्या बाबतीत वर्षानुवर्षं धुसफुसणाऱ्या त्या, घरातला निर्णय डाळ शिजायच्या आत घेत.

एप्रिलमध्ये काकांची नोकरी संपली. कंपनीचे कागद पुरे व्हायला आणि सामान आवरायला जूनचा शेवट उजाडणार होता. काकूंना सामान बांधायचं काम होतं, काकांना काहीच नव्हतं. तरीही ते शिफ्टच्याच वेळेला उठायचे. आंघोळ करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, रिफायनरीतले ते जाड बूट चढवून लेस बांधायचे, आणि गॅलरीतल्या खुर्चीवर जाऊन बसायचे. मी ऑफिसला निघाले तरी तसेच बसलेले. बघवत नसे. काकू चहा नेऊन ठेवायच्या, तो गार व्हायचा.

असे बरेच दिवस गेले. एका पहाटे मला काकूंचा आवाज आला. सामना चालू होता तरी त्या उठून गॅलरीच्या दारात उभ्या होत्या.

"अहो, ते बूट काढा. आणि इथे येऊन बसा."

"मला त्यातलं काही कळत नाही."

"मला तरी कुठे कळत होतं? बसा."

काका बसले. थोड्या वेळाने त्यांनी पहिला प्रश्न विचारला. "नाना कुठे उभा राहायचा?"

"तिथे, दुसऱ्या पाटाशेजारी. आता बारक्या असतो तिथे."

"मग नाना कुठे गेला?"

काकू टीव्हीकडे बघत म्हणाल्या, "‘त्यां’नी घेतलं त्याला."

"खेळवतात?"

"बाकावर असतो बहुतेक. कधीमधी उतरवतात."

काका म्हणाले, "त्यांची मॅच कधी असते?"

‘आपले’ नसलेला ‘त्यां’चा सामना त्या घरात तोवर कधीही लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो लागला. काकू शेजारी बसून आंबट ताक प्यायल्यासारखा चेहरा करून बघत होत्या. नाना उतरला नाही. काका म्हणाले, "उद्या उतरवतील." उद्याही नाही उतरवला. काका पुन्हा म्हणाले, "बघ तू." महिन्याभरात काकांना सगळे पाट, सगळे डाव समजले. ‘त्यां’चा फेक्या कसा चांगला आहे, यावर ते काकूंशी वाद घालायला लागले. काकू मला स्वयंपाकघरात बोलावून सांगायच्या, "तीस वर्षं तोंडातून शब्द नाही, आणि आता बोलतायत तर ‘त्यां’च्या बाजूने!" तक्रारीच्या सुरात सांगायच्या, पण दाराआडून बाहेरचं ऐकतही असायच्या. मुलगा काकांना फोन करून निकाल विचारायला लागला होता, तेही त्यांनी मला असंच तक्रार करून सांगितलं.

त्यांच्या कुवेतमधल्या शेवटच्या शुक्रवारी ‘आपले’ आणि ‘ते’ समोरासमोर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं विमान होतं. घरभर टेप लावलेले खोके. मी एका खोक्यावर, ते दोघं सोफ्याच्या दोन टोकांना. नवव्या डावात ‘आपले’ एका धावेने पुढे होते, ‘त्यां’चे दोघं पाटांवर, दोघं बाद. आणि ‘त्यां’नी नानाला उतरवलं.

तो मैदानात आला, त्याने पँट वर ओढली. काकू हुंकारासारखं काहीतरी करून पुढे सरकल्या. दोन चेंडू चुकले. तिसरा त्याने मारला. फार जोरात नाही, पण दुसऱ्या पाटाच्या शेजारून, झेपावलेल्या बारक्याच्या हाताखालून चेंडू हिरवळीवर निघून गेला.

"आला! घरी आला! दुसराही आला!" काका अनवाणी उभे राहून ओरडत होते. वरच्या मजल्यावर कुणीतरी जमिनीवर पाय आपटले. तरी काका ओरडतच होते.

"बघा, बघा, पाय कसे हलतायत अजून त्याचे," काकू म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हरलो की गं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू होतं. "बरं झालं. पण यांना सांगू नकोस."

काकांनी विचारलं, "पुढची मॅच कधी?"

"उद्या पहाटे. पण उद्या आपलं विमान आहे."

"दहाला आहे ना? मग बघून जाऊ."

शनिवारी टीव्ही खालच्या कुटुंबाकडे गेलेला होता, म्हणून सामना माझ्या लॅपटॉपवर लावला. सात वाजता टॅक्सी आली. बॅगा खाली गेल्या, इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, किल्ली घ्यायला दारात येऊन उभा राहिला, आणि सामन्याचा सातवा डाव चालू होता. मी लॅपटॉप दोन्ही हातांत धरून त्यांच्यापुढे उलटी चालत लिफ्टपर्यंत गेले. काकू एका बाजूने बघत होत्या, काका दुसऱ्या. इतक्या वर्षांचं घर सोडताना दोघांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही. काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला तोही पडद्यावरची नजर न काढता, आणि म्हणाल्या, "जरा डावीकडे धर."

लिफ्टचं दार मिटलं. नेमका त्याच वेळी कुणीतरी उंच चेंडू मारला आणि तो झेलला गेला. मी जिन्याच्या कठड्यावरून वाकून ओरडले, "बाद!"

खालून, उतरत्या लिफ्टमधून, दोघांचा एकदम आवाज आला, "कुणाचा?"